आपत्कालीन जनरेटरच्या बोल्टांविषयी अणुऊर्जा नियामक मंडळास खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य,
अणुऊर्जा नियामक मंडळ,
अणुशक्तीनगर, मुंबई.

विषय: अणुवीज केंद्रांतील आपत्कालीन डिझेल जनरेटरचे बोल्ट शीण येऊन तुटणे, आणि ते कसणाऱ्या कामगारांचे शिक्षण.

महोदय,

मी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाट तालुक्यातील एका खेड्यात राहतो. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत डिझेल मेकॅनिक या व्यवसायाचा शिल्प निदेशक म्हणून 31 वर्षे काम करून मी निवृत्त झालो. आमच्या भागात अणुवीज केंद्र नाही. मात्र माझ्या हाताखाली शिकलेली कितीतरी मुले ठेकेदारांमार्फत शटडाऊनच्या, म्हणजे केंद्र दुरुस्तीसाठी बंद ठेवतात त्या काळातल्या, कामांवर जातात. कोणी तारापूरला जाऊन आला आहे, कोणी कैगाला. दिवाळीला गावी आली की ती भेटायला येतात आणि कोणते इंजिन उघडले, कोणते बसवले ते उत्साहाने सांगतात. आपत्कालीन जनरेटरचा बोल्ट शेवटी ज्या हातांनी कसला जातो, त्या हातांपैकी काही हात मी घडवले आहेत, एवढ्याच अधिकाराने हे पत्र लिहीत आहे.

प्रथम माझी स्वतःची चूक सांगतो, कारण पुढची सारी विनंती तिच्यातून आली आहे.

2006 च्या उन्हाळ्यात आमच्या भागातल्या एका ग्रामीण रुग्णालयाचा जनरेटर रात्री साडेअकराच्या सुमारास फुटला. रुग्णालयाचे आणि गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. वादळाने लाइन गेली होती, आत सिझेरियन चालू होते आणि जनरेटर चार तासांपासून भार ओढत होता. चौकीदाराच्या सांगण्यानुसार आधी टाचेने पत्र्यावर मारावे तसा आवाज आला, मग एकच मोठा दणका झाला आणि अंधार पडला. डॉक्टरांनी उरलेले टाके दोन टॉर्चच्या उजेडात घातले. बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. सकाळी मला बोलावणे आले तेव्हा इंजिनच्या ब्लॉकला दोन्ही मुठी जातील एवढे भगदाड पडलेले होते, पिस्टनला क्रँकशाफ्टशी, म्हणजे इंजिनच्या फिरत्या मुख्य दांड्याशी, जोडणारा कनेक्टिंग रॉड त्यातून बाहेर डोकावत होता आणि जमिनीवर सांडलेल्या काळ्या तेलात बिग एंडच्या, म्हणजे रॉडच्या क्रँकशाफ्टकडच्या टोकाच्या, एका बोल्टाचे दोन तुकडे पडलेले होते.

ते तुकडे मी घरी आणले आणि भिंगाखाली धरले. बोल्ट आट्यांच्या अगदी सुरुवातीला तुटला होता. तुटलेल्या तोंडाचा दोन तृतीयांश भाग गुळगुळीत आणि काळपट होता. एका कडेपासून सुरू झालेल्या बारीक कमानी त्यावर एकापुढे एक उमटलेल्या होत्या. पूर ओसरताना वर्धेच्या काठच्या ओल्या वाळूवर पाण्याच्या रेषा राहतात, तशा. उरलेला एक तृतीयांश भाग फोडलेल्या गुळाच्या ढेपेसारखा रवाळ आणि चकचकीत होता. त्याच रॉडचा दुसरा बोल्ट मात्र ताणून मान बारीक होऊन तुटलेला होता, म्हणजे पहिला गेल्यावर सगळा भार एकट्यावर आला आणि तो एका झटक्यात गेला. पहिला बोल्ट त्या रात्री तुटला असे म्हणणे बरोबर नाही. तो कित्येक आठवडे कमानी-कमानीने तुटत होता आणि त्या रात्री फक्त शेवटचा रवाळ तुकडा उरला होता.

त्या इंजिनचे ओव्हरहॉलिंग आदल्या वर्षी झाले होते. तासमापकावर त्यानंतरचे 212 तास दिसत होते. मिनिटाला 1500 फेऱ्यांच्या चार स्ट्रोक इंजिनात धूर बाहेर टाकून पिस्टन वर टोकाला पोचतो, तेव्हा त्याला वरून दाबणारा वायू नसतो. त्याला तिथे थांबवून परत खाली ओढण्याचा सारा ताण बिग एंडच्या बोल्टांवर येतो. हे मिनिटाला 750 वेळा, तासाला 45,000 वेळा घडते. 212 तासांत तो बोल्ट सुमारे 95 लाख वेळा ओढला गेला होता. रुग्णालयात दर महिन्याला जनरेटर पाच मिनिटे चालवून वहीत ‘ठीक’ असे लिहिले जाई. त्या पाच मिनिटांत 3,750 ओढी होत. एवढ्याने शिणलेला बोल्ट सापडणे शक्यच नव्हते.

ओव्हरहॉलिंग करणारा मुलगा माझाच विद्यार्थी होता, आणि कामात चोख होता. त्याला विचारले तेव्हा त्याने जराही न लपवता सांगितले, “सर, बोल्ट जुनेच लावले, पण पान्याला पाईप घालून मस्त घट्ट कसले होते. तुम्हीच शिकवलं होतं.” मी शिकवलेच होते. घट्ट म्हणजे जोर लावून, एवढेच मी वर्षानुवर्षे शिकवत आलो होतो. तेव्हा मी पुन्हा पुस्तके उघडली. आज जे काही सांगतो ते त्या तुकड्यांनी मला शिकवलेले आहे.

लोखंडाची तार हातात धरून एकदा वाकवली तर तुटत नाही, पण पुढे-मागे वाकवत राहिले की हलक्या हातानेही तुटते. कुंपण घालणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याला हे माहीत असते. ज्याला पुस्तकात फटीग म्हणतात आणि आम्ही वर्गात धातूचा शीण म्हणतो, तो हाच. 1842 मध्ये व्हर्सायजवळ रेल्वेचा आस तुटून मोठा अपघात झाला आणि पुढे ऑगस्ट वोलर या जर्मन अभियंत्याने आसांवर वर्षानुवर्षे चाचण्या करून दाखवून दिले की, एका वेळी सहज सोसता येणारा भारही लाखो वेळा उलटसुलट आला तर पोलाद तुटते. बोल्टात हा शीण पहिल्या गुंतलेल्या आट्याशी सुरू होतो, कारण सगळ्या आट्यांपैकी तो एकटाच सुमारे एक तृतीयांश भार उचलतो, आणि आट्याच्या खोबणीत तो भार आणखी एकवटतो.

मग चांगला बोल्ट लाखो ओढी सोसतो कसा? यासाठी मी मुलांना बैलगाडीच्या चाकाची धाव दाखवतो. लोहार धाव तापवून चढवतो, ती थंड झाली की आक्रसते आणि चाकाला चारी बाजूंनी आवळून धरते. ती स्वतः कायम ताणलेली असते, म्हणूनच दगडावरून गाडी गेली तरी तिला नवा धक्का फारसा लागत नाही. सैल धाव मात्र प्रत्येक दगडावर आपटते. बोल्टाचेही तसेच आहे. तो कसताना थोडा लांबतो आणि त्या लांबण्याच्या ताणाने दोन भाग एकमेकांवर दाबून ठेवतो. हा आधीचा ताण पुरेसा असेल तर इंजिनच्या प्रत्येक ओढीतला थोडासाच वाटा बोल्टापर्यंत पोचतो. तो कमी असेल तर जोड सूक्ष्मपणे उघडू लागतो आणि सारी ओढ बोल्टाला लागते. कमी कसलेला बोल्ट नुसता सैल होऊन पडतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. प्रत्यक्षात तो सैल होण्याआधीच शिणून तुटू शकतो.

इथेच पान्याचा प्रश्न येतो. पान्यावर लावलेल्या जोरापैकी साधारण 90 टक्के जोर बोल्टाच्या डोक्याखालचे आणि आट्यांतले घर्षण खाऊन टाकते. जेमतेम दहावा हिस्सा बोल्टाला ताणतो. आटे कोरडे, काजळी बसलेले किंवा गंजलेले असले की घर्षण वाढते आणि तो दहावा हिस्साही घटतो, पण हाताला मात्र बोल्ट ‘मस्त घट्ट’ लागतो. तेच आटे तेलाने माखलेले असतील तर तेवढ्याच जोरात बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताणला जातो. टॉर्क रेंचचा, म्हणजे पिळण्याचा जोर (टॉर्क) मोजणाऱ्या पान्याचा, काटा दोन्ही वेळा एकच आकडा दाखवतो. माझ्या विद्यार्थ्याने जुने आटे फडक्याने पुसून कोरडेच बसवले होते. त्याचा हात पूर्ण जोरात होता आणि बोल्टाला ताण अर्धाही मिळाला नव्हता.

हे सारे एका खेड्यातल्या रुग्णालयाचे. अणुवीज केंद्रात याच गोष्टीचा अर्थ किती वेगळा होतो, हे आपल्याला मी सांगण्याची गरज नाही. पण हे पत्र माझे जुने विद्यार्थीही वाचतील, म्हणून त्यांच्यासाठी लिहितो. अणुभट्टी बंद केली तरी तिची उष्णता बंद होत नाही. बंद केल्याक्षणी ती पूर्ण क्षमतेच्या सहा ते सात टक्के असते आणि हळूहळू उतरत जाते. 540 मेगावॉट वीज देणाऱ्या भट्टीत उष्णता त्याच्या तिपटीच्या आसपास असते, म्हणजे बंद झाल्या क्षणी सुमारे 100 मेगावॉट उष्णता बाहेर काढावी लागते. बाहेरची वीज गेली तर पाणी फिरवणाऱ्या पंपांना आधार असतो तो डिझेल जनरेटरचा. 11 मार्च 2011 रोजी फुकुशिमा दाइइचीत भूकंपाने बाहेरची वीज गेली तेव्हा जनरेटर सुरू झाले होते. त्सुनामीच्या पाण्यानंतर 13 जनरेटरांपैकी 6 क्रमांकाच्या भट्टीचा हवेने थंड होणारा एकच कामाचा राहिला. पुढे काय झाले ते सगळ्या जगाने पाहिले.

आपल्या देशाची आठवण याहून जवळची आहे. 31 मार्च 1993 च्या पहाटे नरोरा केंद्रात टर्बाइनच्या शेवटच्या टप्प्यातील दोन पाती शीण येऊन तुटली. त्या हादऱ्यांनी हायड्रोजनची गळती होऊन आग लागली, केबल जळाल्या आणि डिझेल जनरेटर असूनही त्यांची वीज उपयोगाला आली नाही. सुमारे 17 तास केंद्र विजेविना होते. तेथील कर्मचाऱ्यांनी अंधारात आणि धुरात आगीसाठी ठेवलेले डिझेलवर चालणारे पंप सुरू करून वाफजनित्रांना पाणी दिले आणि भट्टी सुरक्षित ठेवली. त्या माणसांविषयी मला फार आदर वाटतो, आणि त्या पंपांच्या इंजिनांतले बोल्ट ज्या कोणी नीट कसले होते त्यांच्याविषयीही. शिणलेल्या धातूने सुरू केलेले संकट नीट जुळवलेल्या साध्या डिझेल इंजिनांनी आवरले.

जनरेटर एकाऐवजी दोन, तीन किंवा चार ठेवले की काळजी मिटते, असे अनेकांना वाटते. मला वाटत नाही, आणि माझ्या मते या पत्रातला सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. पूर आला तर सगळे एकदम बुडू नयेत म्हणून जनरेटर वेगवेगळ्या जागी ठेवता येतात, आगीसाठी मध्ये भिंत घालता येते. पण एकाच शटडाऊनमध्ये, एकाच खोक्यातले बोल्ट घेऊन, एकाच टॉर्क रेंचने, एकाच चमूने ते जुळवले असतील तर चुकीच्या बाबतीत ते दोन नसतात, एकच असतात. अमेरिकेतल्या शोरहॅम केंद्रात 12 ऑगस्ट 1983 रोजी चाचणी चालू असताना एका आपत्कालीन जनरेटरचा क्रँकशाफ्ट तुटला. उरलेले दोन उघडून पाहिले तर त्यांच्या क्रँकशाफ्टांनाही तडे होते. तिन्ही एकाच घडणीचे होते. फ्रान्समध्ये 2017 साली 1300 मेगावॉट गटातल्या 20 अणुभट्ट्यांच्या आपत्कालीन जनरेटरच्या साहाय्यक यंत्रणा ज्या आधारांनी जखडलेल्या असतात, ते आधार मोठ्या भूकंपात टिकतील याची खात्री देता येत नाही असे आढळले आणि तिथल्या नियामकाने ती घटना अणुघटनांच्या आंतरराष्ट्रीय श्रेणीत दुसऱ्या पातळीवर नोंदवली. एका जागी राहून गेलेली उणीव 20 ठिकाणी होती.

आणखी एक अडचण अशी की हा जनरेटर बहुतेक काळ उभाच असतो. महिन्याला तासभर चालवला तर वर्षात बारा तास होतात. जो दोष मालवाहू ट्रकच्या इंजिनात दोन आठवड्यांत उघडा पडेल, तो इथे वर्षानुवर्षे झोपून राहू शकतो आणि खरी गरज पडून जनरेटरला दिवसचे दिवस चालावे लागले की जागा होतो. डिसेंबर 2016 मध्ये ॲरिझोनातील पालो व्हर्डे केंद्रात एका जनरेटरचा कनेक्टिंग रॉड चाचणी चालू असतानाच शीण येऊन तुटला. चाचणीत तुटला हे नशीब. त्याच वेळी हेही खरे की दर वेळी थंड इंजिन दहा सेकंदांत पूर्ण वेगाला नेऊन चाचणी घेत राहिले तर ती चाचणीच इंजिनाला झिजवते. अमेरिकी नियामकाने 1984 मध्येच अशा थंड, वेगवान चाचण्या कमी करण्यास सांगितले होते. म्हणून जास्त चाचण्या घ्या अशी मागणी मी करत नाही. जोडणीच्या दिवशी जे करायचे ते मोजून करावे आणि मोजलेले लिहून ठेवावे, ही माझी मागणी आहे.

महोदय, आपल्या वार्षिक अहवालांत केंद्रांतील महत्त्वाच्या घटनांची नोंद असते आणि ती मी वाचतो. माझी पहिली विनंती अशी की आपत्कालीन जनरेटर आणि त्याच्याशी जोडलेल्या पंप, टर्बोचार्जर, इंधननळ्या, पाया यांतला कोणताही बोल्ट किंवा स्टड तुटला की, त्याने केंद्राच्या सुरक्षेवर परिणाम झाला असो वा नसो, त्याची एक पानी माहिती प्रसिद्ध करावी. तुटलेल्या तोंडाचे छायाचित्र, बोल्टाची श्रेणी, तो कितव्यांदा वापरला होता, आटे कोरडे होते की वंगण लावलेले, किती टॉर्कने कसला होता, लांबी मोजली होती की नाही आणि कसल्यापासून इंजिन किती तास चालले, एवढे त्यात असावे. कंपनीचे किंवा कामगाराचे नाव नको. कोणाला दोष देण्यासाठी ही माहिती मागत नाही, आणि दोष लागणार असे दिसले तर खरी माहिती कधीच वर येणार नाही, हे मी वर्कशॉपमध्ये वारंवार पाहिले आहे. त्या मुलाने पाईप घातल्याचे मला सांगितले, कारण मी ओरडणार नाही याची त्याला खात्री होती.

ही माहिती मराठीत, हिंदीत, गुजरातीत, कन्नडमध्ये, तमिळमध्येही यावी. तारापूर, रावतभाटा, नरोरा, काक्रापार, कैगा, कल्पाक्कम, कुडनकुलम या ठिकाणी पाना धरणारी माणसे याच भाषांत एकमेकांना सूचना देतात. इंग्रजी अहवाल अभियंत्याच्या टेबलापर्यंत पोचतो. तिथून जनरेटरच्या खोलीतल्या मुलापर्यंत येईस्तोवर त्याचे ‘नीट घट्ट कर रे’ एवढेच उरते.

दुसरी विनंती अशी की एका भट्टीचे दोन जनरेटर एकाच शटडाऊनमध्ये एकाच चमूने उघडून जुळवू नयेत, आणि दोहोंचे महत्त्वाचे बोल्ट एकाच खेपेतले नसावेत. असा दंडक आधीपासून असल्यास तो ठेकेदाराच्या करारात आणि भिंतीवरच्या सूचनेत स्पष्ट लिहावा. कनेक्टिंग रॉड, मेन बेअरिंग आणि सिलिंडर हेडचे बोल्ट केवळ टॉर्कच्या आकड्यावर सोडू नयेत. शक्य असेल तिथे बोल्ट कसण्याआधी आणि कसल्यावर त्याची लांबी मायक्रोमीटरने मोजावी आणि दोन्ही आकडे मोजणाऱ्याच्या सहीने नोंदवावेत. मिलिमीटरच्या शंभराव्या भागातला तो फरक हाच बोल्टाने घेतलेल्या ताणाचा खरा पुरावा आहे. हे काम वेळखाऊ आहे आणि शटडाऊनमध्ये प्रत्येक तासाची किंमत असते, हे मला कळते. तरीही एका इंजिनाच्या बिग एंडच्या बोल्टांना एक पाळी पुरते.

तिसरी विनंती थेट आपल्या अखत्यारीतली नाही, पण आपल्या शब्दाला वजन आहे म्हणून करतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांचा अभ्यासक्रम प्रशिक्षण महासंचालनालय ठरवते. डिझेल मेकॅनिक आणि फिटर या व्यवसायांत शिकणाऱ्या मुलाला बोल्टाचा आधीचा ताण आणि धातूचा शीण हे दोन विषय नुसते पाठ करायला न देता हाताने करून दाखवावेत, असे आपण त्यांना लिहावे. यासाठी महागडी प्रयोगशाळा लागत नाही. एकाच मापाचे तीन बोल्ट, एक कोरडा, एक गंजलेला, एक तेल लावलेला, एकाच टॉर्कने कसायचे आणि तिघांची लांबी मोजायची. 2006 नंतर निवृत्त होईपर्यंत मी हा प्रयोग प्रत्येक तुकडीला करायला लावला. तिन्ही आकडे फळ्यावर लिहिले की वर्ग गप्प व्हायचा, आणि मागच्या बाकावरचा मुलगासुद्धा उठून पुन्हा मोजायला यायचा. त्या तुकड्यांतली मुले आज मला फोन करून विचारतात की सर, इथे टॉर्क दिला आहे पण वंगण कोणते ते लिहिलेले नाही, काय करू? हा प्रश्न विचारणारा मुलगा जनरेटरच्या खोलीत असला पाहिजे, आणि त्याला उत्तर देणारा अधिकारी त्याच पाळीत हजर असला पाहिजे.

ठेक्यावरच्या मुलांविषयी एक शब्द. शटडाऊन संपला की ती गावी परततात, पुढच्या वेळी दुसरा ठेकेदार दुसरी मुले आणतो. शिकलेले हात असे दर वेळी बदलत राहिले तर नोंदवहीशिवाय केंद्राकडे काहीच उरत नाही. महत्त्वाच्या बोल्टांवर काम करणाऱ्याची एकदा परीक्षा घेऊन त्याला मंडळमान्य दाखला द्यावा आणि तो कोणत्याही केंद्रात, कोणत्याही ठेकेदाराकडे चालावा. वेल्डरला असा दाखला लागतो. बोल्ट कसणाऱ्यालाही तो असायला हवा.

2006 चे ते दोन तुकडे मी आजवर तेलाच्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवले आहेत. आपल्या प्रशिक्षणवर्गात ते उपयोगी पडणार असतील तर रजिस्टर टपालाने पाठवून देतो. कृपया त्यांना पॉलिश पेपर किंवा तारेचा ब्रश लावू देऊ नये आणि दोन्ही तोंडे एकमेकांना जुळवून पाहू देऊ नयेत. घासली तर त्यावरच्या कमानी पुसल्या जातील.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक, डिझेल मेकॅनिक व्यवसाय,
तालुका हिंगणघाट, जिल्हा वर्धा